भोसरीची तारीख आणि जर्मनीचा आठवडा

भोसरीच्या एमआयडीसीत आमचे एक छोटे मशीन शॉप आहे. वडिलांनी दोन जुन्या लेथवर सुरू केलेल्या या धंद्यात आता सीएनसी टर्निंग सेंटर, सेंटरलेस ग्राइंडर आणि होनिंग मशीन आहेत, आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्हमध्ये बसणारे स्पूल (आत सरकणारा दांडा) व स्लीव्ह (त्याभोवतीची नळी) हे आमचे मुख्य काम आहे. २०२१ पर्यंत आमचा माल चाकण, पिरंगुट आणि फार तर कोल्हापूर एवढ्याच टापूत जात असे. त्या वर्षाच्या अखेरीस जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातील एका मध्यम आकाराच्या कंपनीकडून एका स्पूलसाठी विचारणा आली. आमच्या जुन्या ग्राहकाकडे काम करणाऱ्या एका अभियंत्याने आमचे नाव तिकडे सुचवले होते. त्या विचारणेपासून नियमित पुरवठा सुरू होईपर्यंत, आणि त्यानंतरही, त्या माणसांशी बोलण्या-लिहिण्याची जी घडी बसत गेली तिच्याविषयी लिहावे असे वाटले, कारण निर्यातीच्या उंबरठ्यावर असलेले लघुउद्योजक मला अधूनमधून भेटतात आणि त्यांची तयारी भलत्याच गोष्टींची चाललेली असते.

भलत्या म्हणजे हस्तांदोलन किती घट्ट करावे, व्हिजिटिंग कार्ड कोणत्या हाताने द्यावे, जेवताना काटा कुठे ठेवावा. मीही सुरुवातीला अशा एका कार्यशाळेला जाऊन बसले होते. तिथे देशांची वर्गवारी दाखवणारा एक तक्ता होता : स्पष्ट बोलणारे एका टोकाला, आडून बोलणारे दुसऱ्या टोकाला, आणि भारत दुसऱ्या टोकाजवळ. तो तक्ता पाहून मला पहिल्यांदा आठवले ते आमच्याच गल्लीतले खरेदी अधिकारी, ज्यांच्याइतके स्पष्ट बोलणारी माणसे मी जगात कुठे पाहिलेली नाहीत. शिष्टाचार शिकून घ्यावेत, त्यात तोटा काहीच नाही. पण आमच्या व्यवहारात खरी ओढाताण झाली ती शिष्टाचारांवरून नव्हे. ती झाली तारखेवरून. दिलेल्या तारखेचा अर्थ काय, ती बदलणार असेल तर कोणी, कोणाला आणि केव्हा सांगायचे, एवढ्या एका प्रश्नाभोवती आमचा बहुतेक सगळा संवाद फिरत राहिला.

कोटेशनचा टप्पा तुलनेने सोपा गेला. आमच्याकडे भाव सांगताना घासाघिशीसाठी थोडी जागा ठेवूनच आकडा काढायचा, ही बाबांची जुनी रीत. तिकडून आलेल्या फॉर्ममध्ये मात्र किमतीची फोड मागितली होती : कच्चा माल किती, सेटिंगला किती वेळ, प्रत्येक ऑपरेशनला किती सेकंद, मशीनचा ताशी दर काय, पॅकिंग किती, नफा किती. बाबांना हे घरातल्या कपाटाची चावी मागण्यासारखे वाटले. परंतु फोड भरून दिल्यावर जी बोलणी झाली त्यांत ‘थोडे कमी करा’ हे वाक्य एकदाही आले नाही. ग्राइंडिंगला इतके सेकंद का लागतात, कच्च्या सळीचा, म्हणजे बारचा, व्यास एक माप लहान घेतला तर चालेल का, असेच प्रश्न आले. भाव शेवटी उतरला, पण वेळ कमी झाल्यामुळे उतरला, आणि ते बाबांनाही पटले.

आकडे लिहिण्याची पद्धत ही बारीक गोष्ट वाटते, पण तिच्याकडे पहिल्या आठवड्यातच लक्ष द्यावे लागले. जर्मन माणूस दशांशासाठी स्वल्पविराम वापरतो आणि हजारासाठी टिंब. त्यामुळे ड्रॉइंगवर १२,०१५ असे लिहिले असेल तर ते बारा मिलिमीटर आणि वर पंधरा मायक्रॉन असते, आणि मागणीच्या अंदाजपत्रकात १२.५०० असेल तर ते साडेबारा हजार नग असतात. आमच्या लाखाच्या स्वल्पविरामाने तेही गोंधळतात. १,२५,००० हा आकडा त्यांच्या संगणकाला टंकलेखनातली चूक वाटतो. आम्ही दोन्ही बाजूंनी हजाराचे चिन्ह वापरणेच सोडून दिले आणि तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहायचा असे ठरवले. या दोन साध्या ठरावांनी वाचवलेली डोकेदुखी मोजता येणार नाही.

खरा प्रसंग उभा राहिला तो नमुन्यांच्या वेळी. स्पूल १६एमएनसीआर५ या पोलादाचा होता, त्याला केस हार्डनिंग करून, म्हणजे भट्टीत वरचा थर कठीण करून, पृष्ठभागाचा कठीणपणा ५८ ते ६२ एचआरसी मिळवायचा होता आणि मग ग्राइंडिंग. ही हीट ट्रीटमेंट आम्ही बाहेरून करून घेतो. टर्निंग वेळेत झाले, आणि त्याच सुमारास हीट ट्रीटमेंटवाल्याची भट्टी दुरुस्तीला निघाली. नमुने पाठवण्याच्या तारखेला अजून दोन आठवड्यांहून अधिक अवकाश होता, आणि उशीर झाला तर तो साधारण आठवडाभराचा होणार होता. मी उशीर होणार असल्याचे लगेच कळवायचे म्हटले. बाबा आणि आमचे फोरमन दोघेही विरुद्ध होते.

त्यांचे म्हणणे इथे नीट मांडले पाहिजे, कारण ते आळसातून किंवा लपवाछपवीतून आलेले नव्हते. फोरमन म्हणाले, “ताई, अजून हातात दिवस आहेत. दुसरा भट्टीवाला गाठू, दोन रात्रपाळ्या लावू. नाहीच जमलं तर आदल्या दिवशी सांगू. आत्तापासून कशाला रडगाणं गायचं?” बाबांचा अनुभव त्याहून कडवट होता. स्थानिक बाजारात जो पुरवठादार अडचण आधी सांगतो, त्याच्या हातचे काम काढून शेजारच्या गाळ्यात दिले जाते, हे त्यांनी अनेकदा पाहिले होते. जो शेवटपर्यंत ‘होतंय, होतंय’ म्हणत राहतो, त्याला चार शिव्या मिळतात, पण काम त्याच्याचकडे राहते, कारण शेवटच्या क्षणी दुसरीकडे जायला ग्राहकालाही वेळ उरत नाही. उशिरा सांगणे हा आमचा ‘स्वभाव’ आहे असे परदेशी पाहुणे म्हणतात तेव्हा मला बाबांचा हा हिशेब आठवतो. तो स्वभाव नाही; बाजाराने शिकवलेले शहाणपण आहे, आणि त्या बाजारात ते खरेही आहे.

मी तरीही ईमेल लिहिले. त्यात काय घडले, नवी तारीख कोणती आणि त्या तारखेची खात्री कशावरून, एवढेच होते. दिलगिरीचे एक वाक्य होते, जास्त नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खरेदी विभागातल्या बाईंचे दोन ओळींचे उत्तर आले : कळवल्याबद्दल आभार, नमुन्यांची चाचणी आम्ही पुढच्या आठवड्यावर सरकवली आहे, तोवर हार्डनिंगच्या आधीच्या मापांचा अहवाल पाठवावा. नंतरच्या एका बोलण्यात उलगडा झाला. आमच्या नमुन्यांसाठी त्यांनी चाचणीचा बेंच आणि तो चालवणारा माणूस दोन्ही राखून ठेवले होते. दोन आठवडे आधी कळल्यामुळे ती जागा त्यांनी दुसऱ्या कामाला दिली. आदल्या दिवशी कळले असते, तर बेंच रिकामा राहिला असता आणि त्याचा जाब आमच्याऐवजी खरेदी विभागातल्या त्या बाईंनाच त्यांच्या कंपनीत द्यावा लागला असता. आपल्या तारखेवर पलीकडे कोणाची तरी पत लागलेली असते, हे बाबांना त्या दिवशी पटले. माझ्या व्याख्यानांनी ते पटले नसते.

त्यानंतर मला आमच्याच शॉपमधली एक गोष्ट नव्याने दिसू लागली. आमच्याकडे कामाचा क्रम योजना ठरवत नाही, फोन ठरवतो. चाकणच्या ग्राहकाचा माणूस सकाळी फोन करतो, दुपारी करतो, आणि संध्याकाळी स्वतः येऊन मशीनपाशी उभा राहतो. ज्याचा फोन येत नाही त्याला घाई नाही, असे मशीन लावून देणाऱ्या सेटरपासून डिस्पॅचवाल्यापर्यंत सगळे गृहीत धरतात, आणि देशी व्यवहारात ते बरोबरही असते. कारण इथे दिलेली तारीख दोन्ही बाजू बोलण्याची सुरुवात समजतात आणि पाठपुराव्यातून खरी तारीख हळूहळू ठरत जाते. जर्मन ग्राहक एकदा तारीख मिळाली की फोन करत नाही. त्याचे गप्प राहणे हा विश्वास असतो, पण भोसरीत ते बेफिकिरीसारखे दिसते, आणि ओरडणाऱ्यांच्या गर्दीत न ओरडणाऱ्याचा माल आपोआप मागच्या पॅलेटवर जातो. हे कोणी मुद्दाम करत नाही. म्हणूनच ते केवळ सूचना देऊन थांबत नाही.

यावर आम्ही जो उपाय केला तो अगदीच साधा आहे. त्या ग्राहकाच्या वतीने ओरडणारे कोणीतरी आमच्याच घरात हवे होते. आमच्या डिस्पॅचचे काम पाहणाऱ्या मुलीला मी सांगितले की जर्मनीचा माल हा तुझा ग्राहक, आणि रोज सकाळी फोरमनना जाऊन विचारायचे. सुरुवातीला फोरमन तिला उडवून लावत. मग ती वहीत उत्तर लिहून घेऊन त्यांची सही मागू लागली, तेव्हा उत्तरे बदलली. त्या वहीवरून दर सोमवारी एक तक्ता तिकडे जाऊ लागला : कोणता लॉट कोणत्या ऑपरेशनला आहे, ठरलेला आठवडा कोणता, आज वाटणारा आठवडा कोणता, आणि फरक असेल तर कारण. तिकडून त्याला क्वचितच उत्तर येते. उत्तर न येणे म्हणजे तक्ता वाचला जात नाही असे नव्हे, हे मला एकदा तक्ता पाठवायला उशीर झाला तेव्हा लगेच आलेल्या विचारणेवरून कळले.

‘आठवडा’ या शब्दाचाही इथे खुलासा करायला हवा. जर्मन उद्योगात पुरवठ्याची वेळ तारखेपेक्षा वर्षातल्या आठवड्याच्या क्रमांकाने सांगतात : बाविसाव्या आठवड्यात नमुने, एकतिसाव्यात पहिला लॉट. हा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो पहिला, असा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा नियम आहे. आमच्या ऑफिसातल्या एक्सेलचे नेहमीचे सूत्र मात्र १ जानेवारी ज्या आठवड्यात असेल तोच पहिला धरते आणि आठवडा रविवारी सुरू करते, त्यामुळे २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी त्याच्या आणि जर्मन क्रमांकात एकाचा फरक पडत होता. आयएसओप्रमाणे क्रमांक देणारे वेगळे सूत्र एक्सेलमध्ये आहे. ते वापरायला लागल्यावर हा घोळ मिटला. शॉपच्या भिंतीवर आम्ही आठवड्यांचे क्रमांक छापलेले कॅलेंडर लावले, आणि त्याच्या शेजारी कालनिर्णय राहिले.

दोन्ही लागतात, कारण आमच्या कामगारांचे वर्ष आठवड्यांवर चालत नाही. ‘गणपतीनंतर’, ‘दिवाळीच्या आधी’, ‘पेरणीला गावी गेल्यावर’ अशा भाषेत आमचे नियोजन चालते आणि ते काटेकोरही असते, फक्त बाहेरच्याला वाचता येत नाही. २०२२ मध्ये गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती आणि २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे १९ सप्टेंबरला. तिकडच्या नियोजन विभागातल्या गृहस्थांनी मला विचारले की तुमचा सण तीन आठवडे पुढे कसा सरकला. मी चांद्रमास आणि अधिक मास थोडक्यात समजावून सांगितला. ते म्हणाले, “आमचा ईस्टरही असाच हलतो,” आणि मग म्हणाले की पुढच्या वर्षीची यादी नोव्हेंबरातच पाठवा. आता पाठवते : कोणत्या आठवड्यात आमची हजेरी पूर्ण असेल, कोणत्यात निम्मी. त्यांच्याकडूनही उलट यादी येते, कारण ऑगस्टमध्ये त्यांचा कारखाना सुट्टीवर जातो आणि नाताळापासून ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत तिथे कोणी सापडत नाही.

गुरुवारचा घोळ याहून गमतीचा. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते; विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे सुट्टीचे दिवस ठरवून दिले गेले, त्यातून हे रूढ झाले. गुरुवारी आम्ही बंद आणि रविवारी चालू, हे त्यांना चमत्कारिक वाटले. भारतात कामाचा आठवडा वेगळा असतो का, असा प्रश्न आला, तेव्हा भारतात नव्हे, पुण्यातही नव्हे, फक्त या बाजूला, असे उत्तर द्यावे लागले. बैठकीची वेळ ठरवतानाही असेच झाले. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलते. त्यामुळे त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आमचे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड, म्हणजे नेमकी शॉपमधल्या जेवणाची सुट्टी.

त्यांच्या लिहिण्याची धाटणी पचायलाही वेळ लागला. नमुन्यांच्या अहवालाला आलेले उत्तर असे होते : अहवाल अपूर्ण आहे, चौथा मुद्दा नाही, मटेरियलचे ३.१ प्रमाणपत्र (पोलाद बनवणाऱ्याचा तपासणी दाखला) नाही, शुक्रवारपर्यंत पाठवा. बाबांनी ते वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, “एवढं तुटक लिहिलंय म्हणजे बिनसलं बहुतेक.” त्याच दिवशी दुपारी खरेदी विभागातल्या त्याच बाईंचे तितकेच तुटक दुसरे ईमेल आले, आणि त्यात वर्षाच्या मागणीचा आकडा वाढवला होता. त्यांच्या लेखी चूक दाखवणे हे कामाचे बोलणे असते, माणसाविषयीचे मत नव्हे. आमच्याकडे चूक दाखवण्याआधी चार गोड वाक्ये येतात आणि ती आली नाहीत की माणूस धसकतो. मी आमच्या दर्जा विभागातल्या मुलांना एवढेच सांगितले की सूर वाचू नका, मुद्दे वाचा, आणि प्रत्येक मुद्द्याला त्याच क्रमाने उत्तर द्या. आणखी एक जाणवले : व्हिडिओ बैठकीत “काही प्रश्न?” असे विचारले की आमची मुले मला पाहून गप्प बसत, आणि बैठक संपताच मला सतरा शंका विचारत. मग बैठकीच्या आदल्या दिवशी शंका लिहून घेऊन त्या आधीच पाठवायच्या अशी पद्धत पाडली. समोरच्यांना ती इतकी आवडली की त्यांनी ती आमच्या ‘पद्धतशीरपणा’चे लक्षण मानली, मी खुलासा केला नाही.

ऑडिटसाठी त्यांचे गृहस्थ भोसरीला आले तेव्हा आम्ही शाल-श्रीफळ आणि एक छोटी गणेशमूर्ती तयार ठेवली होती. नारळाचे त्यांना कौतुक वाटले, पण भेटवस्तू घेण्यास त्यांच्या कंपनीची मनाई होती आणि त्यांनी मूर्ती अत्यंत अदबीने परत केली. बाबांना ते लागले. मी जेवताना त्यांना त्यामागचा नियम सांगितला. लाच आणि मान यांच्यातली रेघ प्रत्येक कंपनीला कुठेतरी ओढावीच लागते, आणि ऑडिटर आला असेल तर ती फार अलीकडे ओढणेच शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

शॉपमध्ये शिरल्यावर ते माझ्याशी बोललेच नाहीत. होनिंग मशीनवरच्या सेटरपाशी जाऊन उभे राहिले आणि भोक कसे तपासतोस, असे विचारले. सेटर माझ्याकडे पाहू लागला. हा क्षण मला अपेक्षित होता, म्हणून मी दोन पावले मागे सरकून मशीनच्या आड गेले आणि दुभाषाचे काम आमच्या दर्जा विभागातल्या मुलाला करू दिले. सेटरने स्लीव्ह पुसली, प्लग गेजची ‘गो’ बाजू आत सरकवून दाखवली, मग उलटी करून ‘नो-गो’ बाजू टेकवली. ती आत जात नव्हती. “आणि गेली तर?” असा प्रश्न आला. “लाल डब्यात,” तो म्हणाला. ऑडिटरनी डबा दाखवायला सांगितला. डब्याला कुलूप होते आणि किल्ली सेटरकडे नव्हती, दर्जा विभागाकडे होती. आत टाकलेला नग परत काढता येऊ नये म्हणून झाकणाला फक्त एक फट ठेवलेली. ते त्या फटीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि वहीत काहीतरी लिहिले. मालकाच्या तोंडून ऐकलेल्या कोणत्याही माहितीपेक्षा त्यांना ते कुलूप जास्त बोलके वाटले असावे, कारण अहवालात त्याचा स्वतंत्र उल्लेख होता.

पुरवठा सुरू झाल्यावर एका लॉटमध्ये आडव्या भोकांच्या कडेला भिंगाखाली दिसणारी बारीक बर (धातूची कुसळे) निघाली आणि त्यांनी आठ पायऱ्यांचा, म्हणजे ८डी, अहवाल मागितला. आमच्या पट्ट्यातला कोणताही ८डी उघडून पाहा. कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरचा हलगर्जीपणा’ आणि उपायाच्या रकान्यात ‘ऑपरेटरला समज देण्यात आली’ असेच सापडेल. आमच्या मुलाने केलेला मसुदाही तसाच होता. तिकडे असा अहवाल स्वीकारला जात नाही. माणूस चुकणारच हे धरून, त्याची चूक पुढे जाऊ देणारी व्यवस्था कोणती, हे त्यांना हवे असते. मी फोरमनना ऑपरेटरशी बोलायला सांगितले, आणि अहवालात कोणाचेही नाव येणार नाही असा शब्द दिला. मग तो मोकळेपणाने बोलला : बर काढणारा ब्रश ठरावीक नगांनंतर बदलायचा असे कुठेच लिहिलेले नव्हते, स्टोअरमधून नवा मिळायला वेळ लागत असे, आणि झिजलेल्या ब्रशवर काम रेटले जाई. हे त्याला पूर्वीपासून ठाऊक होते. त्याला कोणी विचारले नव्हते, आणि आपणहून सांगितले असते तर दोष त्याच्याच गळ्यात पडला असता. परक्या ग्राहकाला पटेल असे उत्तर द्यायचे, तर आधी आपल्याच माणसाला खरे बोलणे परवडले पाहिजे, ही गोष्ट कोणत्याही कार्यशाळेत मला कोणी सांगितली नव्हती.

डिसेंबर २०२३ च्या मध्याला तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. न्हावा शेवाहून निघालेल्या मालाला साधारण दोन आठवडे जास्त लागणार हे उघड होते. ही बातमी त्यांनाही वर्तमानपत्रातून कळलेलीच होती, त्यामुळे “परिस्थिती हाताबाहेरची आहे” असे पत्र पाठवण्यात काही अर्थ नव्हता. आमच्या डिस्पॅचच्या त्या मुलीने वाटेवरच्या आणि शॉपमधल्या प्रत्येक लॉटपुढे नवा आठवडा लिहिला, तिकडचा साठा केव्हा संपेल याचा अंदाज त्यांच्याच मागणीपत्रकावरून काढला, आणि कमी पडणारे नेमके नग विमानाने पाठवले तर खर्च किती येईल हेही जोडले. नाताळाची सुट्टी लागण्याआधी हा सगळा हिशेब तिकडे पोहोचला. सुट्टी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी होकार आला आणि विमानाचे भाडे त्यांनी भरले. नमुन्यांच्या वेळच्या भट्टीच्या ईमेलला विरोध करणारे फोरमन या वेळी दोन पाळ्या लावून बसले होते.

अलीकडे नागोयाजवळच्या एका जपानी कंपनीबरोबर काम सुरू झाले आहे आणि जर्मनीसाठी बसवलेली घडी तिथे जशीच्या तशी चालत नाही. मुळात ड्रॉइंगच वेगळे : जर्मन ड्रॉइंग आपल्याप्रमाणे पहिल्या कोनाच्या पद्धतीचे, जपानी तिसऱ्या कोनाच्या पद्धतीचे, म्हणजे डावीकडून दिसणारी बाजू डावीकडेच काढलेली. आमच्या प्रोग्रॅमरने कोपऱ्यातले शंकूचे चिन्ह आधी पाहायचे, हा आता नियम आहे. जर्मन ग्राहकाला निकाल आणि तारीख हवी असते. जपानी ग्राहकाला त्याआधीचे सगळे हवे असते. माणूस, मशीन, माल किंवा पद्धत यांपैकी काहीही बदलायचे तर ते बदलाआधी कळवायचे आणि त्यांच्या संमतीची वाट पाहायची. इन्सर्टची, म्हणजे धातू कापणाऱ्या पात्याची, कंपनी बदलली तरी. “नग तर मापात आहे, मग यांना काय करायचंय?” हा फोरमनांचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही, आणि मला स्वतःला त्यांची सगळीच कागदपत्रे आवश्यक वाटतात असेही नाही. आमच्या दुभाषी बाई पुण्यातच जपानी शिकलेल्या आहेत. त्यांनी सुरुवातीलाच बजावले की बैठकीत नवा प्रस्ताव अचानक मांडू नका, आधी खालच्या अभियंत्याकडे पाठवा, त्यांच्यात फिरू द्या, बैठक म्हणजे शेवटचा शिक्का. तसे केल्यापासून बैठका लहान झाल्या, त्याआधीचा पत्रव्यवहार मात्र चांगलाच वाढला. भेटवस्तूंचा प्रश्न इथे उलटा आला : पाहुणेच येताना मिठाईचा खोका घेऊन आले, प्रत्येक वडी वेगळ्या कागदात बांधलेली. बाबांनी ती शॉपभर स्वतःच्या हाताने वाटली आणि जर्मनीच्या गणपतीची भरपाई झाली असे जाहीर केले.

सोमवारचा तक्ता आम्ही आता देशी ग्राहकांनाही पाठवतो, कारण तो तयार करायचे कष्ट तर झालेलेच असतात. पिरंगुटच्या ग्राहकाने त्यावरून स्वतःचा साठा ठरवायला सुरुवात केली आहे आणि त्यांचे फोन निम्म्यावर आले आहेत. चाकणच्या खरेदी अधिकाऱ्यांना तो दर सोमवारी अकरा वाजता जातो, आणि सव्वाअकराला त्यांचा फोन येतो, “मॅडम, तक्ता मिळाला, छान आहे. आता खरं सांगा, माल कधी देताय?”